शब्दचर्चा: टेस्ट रिपोर्टमधली 'अनिश्चितता'

भाषांतरकार: एका लॅबचे रिपोर्ट मराठीत करतेय. निकालापुढे ± चा आकडा असतो, त्याला 'मापनातील अनिश्चितता' लिहिलं. ठेकेदार म्हणतो, "लॅबलाच खात्री नाही तर पैसे कशाचे घेतात?" 'संभाव्य त्रुटी' लिहू का?

टेस्टिंगवाला: नको ताई, त्रुटी वेगळी. व्हर्निअरचे (जाडी मोजायच्या साधनाचे) जबडे मिटल्यावर ०.०४ मिमी दिसतंय, तर ती झिरो एरर. कळली की वजा करायची, विषय संपला. अशा सगळ्या दुरुस्त्या करूनही आकड्याच्या आजूबाजूला जो पट्टा उरतो, ती अनिश्चितता. लॅबमध्ये आम्ही "एमयू (मेझरमेंट अनसर्टन्टी) काढला का?" असंच विचारतो, पण कागदावर तुमचाच शब्द बरोबर.

बांधकामातली एफई ५०० सळई घ्या. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे तिचा प्रूफ स्ट्रेस (ज्या ताणाला ती ठराविक प्रमाणात कायमची लांबते तो) किमान ५०० न्यूटन प्रति चौ. मिमी हवा. समजा निकाल आला ५०४. नुसता ५०४ छापला की सगळे खूश. पण तो ५०४ ± ७ असेल (के = २, म्हणजे मूळ अनिश्चितता दुप्पट करून दिलेली, साधारण ९५ टक्के भरवसा), तर खरा आकडा ५०० च्या खाली असण्याची शक्यता आठात एक निघते. हे इंजिनिअरला कळायला नको?

आणि हा ७ हवेतून येत नाही. लोडसेलचं (मशीनमधल्या जोर मोजणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशन, तुकड्याचं वजन आणि लांबी यांवरून काढलेलं क्षेत्रफळ, एक्स्टेन्सोमीटर (तुकडा किती लांबला ते मोजणारं साधन), पुन्हा पुन्हा चाचणी केल्यावर पडणारा फरक, हे सगळं त्यात येतं. यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. ३ आणि ४ मिळून ५. ३ आणि ०.५ मिळून जेमतेम ३.०४. म्हणजे मशीनचं कॅलिब्रेशन ढिलं असताना भारीतला वजनकाटा आणणं म्हणजे पैसे पाण्यात. (आणतात तरी!)

मास्तर: बारावीचं फिजिक्स आठवणारे इथे हायझेनबर्गचं अनिश्चितता तत्त्व घुसवतात. त्याचा सळईशी काडीचा संबंध नाही. टॉलरन्सही वेगळा: तो ड्रॉइंग करणाऱ्याने दिलेली सूट, मोजणाऱ्याची नव्हे.

भाषांतरकार: मग ५०४ पास की नापास?

टेस्टिंगवाला: ते आधी ठरवायचं. पास-नापास लिहून हवं असेल तर निर्णयाचा नियम ग्राहकाशी बोलून घ्या, असं लॅबसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१७ ची आवृत्ती सांगते. साधा नियम धरला, म्हणजे ± न बघता ५०० गाठले की पास, तर ५०४ पास. पूर्ण ± राखून ठेवायचा ठरला तर ५०७ च्या खाली पास म्हणता येत नाही. निकाल बघून नियम निवडणं ही मात्र शुद्ध लबाडी. ठेकेदाराला सांगा, ± न छापणाऱ्या लॅबचा आकडाही हलतोच, फक्त किती ते ती सांगत नाही.

मास्तर: टाइप करताना एक बघा. ५०४.३७ ± ७ असं दिसलं तर लॅबला परत विचारा. ± च पूर्ण अंकात असताना पुढच्या दशांशांना अर्थ नाही, ५०४ ± ७ हवं.