मदत हवी आहे: मोबाईलवरून आलेले व्हिडिओ साइटवर सगळीकडे चालतील असे कसे करायचे?

सजावट_ॲडमिन

मंडळी, घरगुती गणपती सजावट स्पर्धेची साइट आहे. स्पर्धक फोनवरून २ मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ अपलोड करतात. सर्व्हर २ कोअर, ४ जीबी रॅम. उबुंटू, एंजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी. अपलोड संपला की पीएचपी तिथल्या तिथे एफएफएमपेग (व्हिडिओ बदलणारा प्रोग्रॅम) चालवतं. व्हिडिओला लिबएक्स२६४ (एच.२६४ बनवणारा एन्कोडर), आकार १२८० बाय ७२०, आवाजाला एएसी. बाकी काहीच दिलेलं नाही. अडचणी अशा:

१) नव्या आयफोनचे काही व्हिडिओ बदलून झाल्यावरही मोबाईलवर दिसत नाहीत. पडदा काळा, मागे आरती मात्र ऐकू येते.
२) उभा धरून काढलेला व्हिडिओ आडवा ताणला जातो. उंच मखर बुटकं होतं.
३) प्ले दाबल्यावर बराच वेळ नुसतं चक्र फिरतं.
४) मोठी फाइल असली की ५०४ (सर्व्हरचं उत्तर वेळेत न आल्याची चूक) येतो. स्पर्धक पुन्हा अपलोड करतात आणि तीच एंट्री तीनदा येते.

एकच कमांड सगळ्यांना चालेल असं काही आहे का?

रात्रपाळी

नाही, आणि तसं शोधूही नका. आधी एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणारं तपासणीचं साधन) फाइल काय आहे ते बघायचं, मग पर्याय ठरवायचे.

क्र. १: नवे आयफोन एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेला) व्हिडिओ १० बिटमध्ये काढतात. तुम्ही पिक्सेल फॉरमॅट सांगितलेला नाही, म्हणून एक्स२६४ मूळचे १० बिट तसेच ठेवतो आणि 'हाय १०' प्रोफाइलची फाइल बनते. ती एच.२६४ असली तरी फोनमधल्या हार्डवेअर डिकोडरला सहसा झेपत नाही. आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो, तो आपला चालू राहतो. पिक्सेल फॉरमॅट युव्ही४२०पी (८ बिट) सक्तीने द्या.

क्र. २: १२८० बाय ७२० असं ठोकून बसवू नका. स्केल (आकार बदलणाऱ्या) फिल्टरमध्ये लहान बाजू ७२०, दुसऱ्या बाजूला उणे २. उणे १ दिलंत तर प्रमाण टिकेल, पण कधीतरी विषम आकडा येईल आणि 'रुंदी २ ने भागत नाही' म्हणून एक्स२६४ अडून बसेल. उणे २ म्हणजे प्रमाण सांभाळून जवळची सम संख्या.

इथे एक खाच आहे. उभ्या व्हिडिओलासुद्धा एफएफप्रोब १९२० बाय १०८० दाखवतो, कारण फोन चित्र आडवंच साठवतो आणि 'दाखवताना ९० अंशांत फिरव' एवढी खूण सोबत लिहितो. म्हणून उभा की आडवा हे त्या आकड्यांवरून पीएचपीत ठरवू नका. एफएफएमपेग फिरवण्याचं काम फिल्टरच्या आधी स्वतःच उरकतो, त्यामुळे स्केल फिल्टरच्या आत मिळणारी रुंदी-उंची खरी असते. अट तिथेच लिहा: रुंदी उंचीपेक्षा जास्त असेल तर उंची ७२०, नाहीतर रुंदी ७२०. अटीतल्या स्वल्पविरामाआधी उलटी तिरपी रेघ विसरलात तर एफएफएमपेग तिथे नवा फिल्टर सुरू झाला असं समजतो आणि चूक भलतीकडेच दाखवतो. मूळ व्हिडिओ ४८० चाच असेल तर फुगवू नका, फाइल वाढते आणि दिसतं तेवढंच.

क्र. ३: मूव्हफ्लॅग्ज या पर्यायात फास्टस्टार्ट द्या. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका 'मूव्ह' नावाच्या पेटीत असते. एन्कोड संपेपर्यंत ती तयारच होत नाही, म्हणून शेवटी लिहिली जाते. ती हातात येईपर्यंत ब्राउझर चित्र दाखवू शकत नाही. फास्टस्टार्ट शेवटी ती उचलून पुढे आणतो.

तिरपी_रेघ

क्र. ४ चं बोलतो. एंजिनएक्स पीएचपीच्या उत्तराची मुळात ६० सेकंद वाट बघतो, मग ५०४. वेळ वाढवून काही होणार नाही. एन्कोडिंग त्या विनंतीतून बाहेर काढा. अपलोड झाला की डेटाबेसमध्ये 'प्रतीक्षेत' अशी नोंद करून स्पर्धकाला लगेच 'व्हिडिओ मिळाला, तयार होतोय' दाखवा. सिस्टिमडीखाली (लिनक्समध्ये सेवा चालवणारा) एक वर्कर, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, ठेवा, तो एकावेळी एकच फाइल उचलेल. २ कोअरवर दोन एफएफएमपेग सोडलेत तर दोन्ही रडत चालतात आणि साइटही बसते. नाइस १५ लावा, म्हणजे त्याला कमी प्राधान्य मिळेल.

शेवटच्या रात्रीचा हिशेब आत्ताच मांडा. फाइलला ३ मिनिटं लागत असतील तर १०० एंट्री म्हणजे ३०० मिनिटं, सरळ ५ तास. निकालाची वेळ त्यावरून ठरवा.

कमांडला नोस्टडिन हा पर्याय द्याच. एफएफएमपेग कीबोर्डकडे कान लावून असतो. शेलच्या व्हाइल लूपमध्ये तो यादीतल्या पुढच्या ओळी स्वतःच गिळतो, आणि पहिलीच फाइल का झाली हे शोधत आपण बसतो.

एकच एंट्री तीनदा येते त्यासाठी फाइलचा शा-२५६ (आशयावरून निघणारा ठसा) काढून त्या स्पर्धकापुरता युनिक ठेवा.

अपलोडच्या मर्यादाही तपासा. एंजिनएक्समध्ये मुळात १ एमबी, पीएचपीत एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला ८ एमबी. तिन्ही वाढवल्याशिवाय उपयोग नाही. ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे एचईव्हीसीत (एच.२६५) १०८०, ३० फ्रेमचा १ मिनिट म्हणजे सुमारे ६० एमबी, ४के ६० फ्रेमचा सुमारे ४०० एमबी. म्हणजे २ मिनिटांचे ८०० एमबीही येऊ शकतात. सर्व्हरच्या पुढे क्लाउडफ्लेअरची (साइटपुढे बसणारी सेवा) मोफत योजना असेल तर एका विनंतीला १०० एमबीचीच मुभा आहे, मग तुकड्यांनी अपलोड करण्याला पर्याय नाही.

सुतळी_बॉम्ब

हे सगळं जुनं झालं. एचएलएस करा, म्हणजे व्हिडिओ तुकड्यांनी द्या: तीन दर्जे, ६ सेकंदांचे तुकडे.

रात्रपाळी

२ मिनिटांच्या व्हिडिओला एचएलएस म्हणजे खिचडीसाठी हंडा. तीन दर्जे म्हणजे एन्कोडिंग तिप्पट, आणि मशीन २ कोअरचं. शिवाय दर दर्जात कीफ्रेम (पूर्ण साठवलेल्या फ्रेम) एकाच जागी पडायला हव्यात, नाहीतर दर्जा बदलताना चित्र अडखळतं. तासाभराचं कीर्तन असतं तर मीही एचएलएसच म्हटलं असतं.

इथे ७२०, सीआरएफ (दर्जाचा आकडा) २३, प्रीसेट व्हेरीफास्ट, मॅक्सरेट (बिटांची कमाल गती) २५०० के, बफसाइझ ५००० के, आवाज १२८ के स्टिरिओ पुरे. नुसत्या सीआरएफवर भिस्त ठेवू नका. चमकी, एलईडीच्या माळा, अंधारातला कॅमेऱ्याचा रवा यांवर तो वाट्टेल तेवढे बिट उधळतो. मॅक्सरेट असला की २ मिनिटांची फाइल ४० एमबीच्या आसपास थांबते.

सजावट_ॲडमिन

रांग लावली, ५०४ गेला. मखर उंच झालं. पण दोन नवी दुखणी: युव्ही४२०पी दिल्यावर आयफोनचे व्हिडिओ दिसतात, पण रंग राखेसारखे. झेंडू पिवळट-पांढरा. आणि आयफोनवरच्या सफारीत एकही व्हिडिओ सुरू होत नाही. फाइल पीएचपीच्या रीडफाइल फंक्शनने देतो, कारण मतदानाआधी लॉगिन तपासायचं असतं.

रात्रपाळी

रंग: १० चे ८ बिट केले, पण एचडीआरची उजेडाची पट्टी तशीच राहिली. एफएफप्रोबमध्ये कलर ट्रान्सफर बघा. 'अरिब-एसटीडी-बी६७' म्हणजे एचएलजी, 'एसएमपीटीई२०८४' म्हणजे पीक्यू, दोन्ही एचडीआरचे प्रकार. यातलं काही दिसलं तरच टोनमॅपिंग (एचडीआरचा उजेड साध्या पडद्याला बसवणं) लावा. क्रम असा: आधी आकार ७२० ला आणा (टोनमॅपिंग जड असतं, ४के वर करू नका), मग झेडस्केलने उजेड लिनिअर करा, एनपीएल १००, फॉरमॅट जीबीआरपीएफ३२एलई, झेडस्केलने प्रायमरीज बीटी७०९, टोनमॅप हेबल, डीसॅट ०, पुन्हा झेडस्केलने ट्रान्सफर आणि मॅट्रिक्स बीटी७०९, रेंज टीव्ही, शेवटी युव्ही४२०पी. झेडस्केल नाही असं म्हणाला तर तुमचा एफएफएमपेग लिबझिमगशिवाय बांधलेला आहे. साध्या व्हिडिओला हीच साखळी लावलीत तर तोच बिघडेल.

तिरपी_रेघ

सफारी: ती आधी फाइलचे पहिले २ बाइट मागून बघते. सर्व्हरने २०६ (मागितलेला तुकडाच दिला) आणि कंटेंट-रेंज दिलं तरच पुढे जाते. रीडफाइल २०० म्हणत अख्खी फाइल ओततं. कर्ल या कमांडने रेंज ०-१ मागून बघा, उत्तर २०० आलं तर दुखणं हेच. लॉगिन पीएचपीतच तपासा, पण फाइल द्यायचं काम एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट हेडरने एंजिनएक्सवर सोपवा. तो रेंज नीट सांभाळतो. व्हिडिओ टॅगमध्ये प्लेजइनलाइनही घाला, नाहीतर आयफोन व्हिडिओ पूर्ण पडद्यावर उघडतो.

आणखी एक, कुणी विचारलेलं नाही पण सांगतो: फोनचा व्हिडिओ म्हणजे घरचा पत्ता. लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फाइलच्या मेटाडेटात असतात, आणि एफएफएमपेग ते नव्या फाइलमध्येही नेतो. स्पर्धा घरगुती गणपतींची, सोन्याच्या दागिन्यांसकट. मॅप मेटाडेटा उणे १ द्या, म्हणजे ते नव्या फाइलमध्ये जाणार नाहीत. मूळ फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवा.

मॅपिंगही (कोणते ट्रॅक घ्यायचे ते) हाताने लिहा: पहिला व्हिडिओ, पहिला ऑडिओ, आणि ऑडिओपुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे मुका व्हिडिओ आला तरी कमांड पडणार नाही. आयफोन १६ च्या फाइलमध्ये एएसीसोबत स्पेशियल (अवकाशीय) ऑडिओचा दुसरा ट्रॅक असू शकतो, त्याच्या वाटेला जायचं नाही.

एक्सटेन्शनवर विश्वास ठेवू नका. एमपी४ नाव दिलेली एचएलएस प्लेलिस्टची फाइल टाकून एफएफएमपेगकडून सर्व्हरवरच्या फाइली वाचून घेता येत होत्या, २०१६ मध्ये तसे दोष जाहीर झाले होते. प्रोटोकॉल व्हाइटलिस्टमध्ये फक्त फाइल ठेवा, एफएफप्रोबमध्ये कंटेनर एमओव्ही-एमपी४ किंवा वेबएम दिसला नाही तर फाइल तिथेच परत पाठवा, आणि वर्करला नेटवर्क देऊ नका.

सजावट_ॲडमिन

कर्लला २०० च येत होतं. एक्स-ॲक्सेल लावल्यावर २०६, सफारी चालू. झेंडू केशरी झाला. पोस्टरसाठी (प्ले दाबण्याआधी दिसणारं चित्र) ३ ऱ्या सेकंदाची फ्रेम घेतोय, पण एका एंट्रीचं पोस्टरच बनत नाही?

रात्रपाळी

तो व्हिडिओ ३ सेकंदांपेक्षा छोटा असेल. एफएफएमपेग चूक न दाखवता रिकाम्या हाताने परत येतो. एफएफप्रोबमधून कालावधी घ्या आणि त्याच्या चौथ्या हिश्शावरची फ्रेम काढा.