स्वतःच्याच देशात परके वाटू लागले तर काय करावे?

नारायणपेठेचा माजी रहिवासी (प्रश्न)

माझे वय बासष्ट आहे. जन्म नारायण पेठेतल्या वाड्यात झाला, शिक्षण पुण्यात झाले, बँकेतली नोकरीही बहुतेक पुण्यातच झाली आणि वाडा पडल्यापासून, म्हणजे गेली एकोणीस वर्षे, आम्ही सिंहगड रस्त्यापलीकडच्या एका सोसायटीत राहत आहोत. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत भाडेकरूंचा विषय निघाला. फ्लॅट भाड्याने द्यायचे तर ते 'आपल्यातल्याच' लोकांना द्यावेत, असे एका सभासदाने सुचवले. 'आपल्यातले' म्हणजे कोण, हे कोणीच विचारले नाही, कारण ते सर्वांना कळले होते. मी उभा राहून एवढेच म्हणालो की हे बरोबर नाही आणि कायद्यातही बसणार नाही. त्यावर ज्याच्या मुंजीत मी अक्षता टाकल्या आहेत असा एक मुलगा, तोही आता तिशी ओलांडलेला, हसत म्हणाला, "काका, तुम्हाला त्यांचा एवढा पुळका असेल तर तुम्हीच तिकडे राहायला जा ना." सगळे हसले, चहा आला आणि विषय संपला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. अपमान झाला म्हणून नव्हे. बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेलेल्या माणसाला एवढ्याने अपमान वाटत नाही. झोप उडाली ती 'तिकडे' या शब्दाने. ज्या माणसांबरोबर मी एकोणीस गणेशोत्सव केले, ज्यांच्या आजारपणात रुग्णालयात रात्री काढल्या, त्यांच्या मनात एक 'इकडे' आणि एक 'तिकडे' आहे आणि माझे नाव 'तिकडे'च्या यादीत केव्हा गेले हे मला कळलेही नाही.

राजकारणाचे म्हणाल तर माझे घर समाजवादी. 1967 मध्ये एस. एम. जोशी पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले, त्या प्रचारात वडील सायकलवरून फिरले होते. 1977 मध्ये समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला, तो पक्ष दोन-तीन वर्षांत फुटला, 1988 मध्ये जनता दल झाला आणि त्याचेही तुकडे मोजता येईनासे झाले. तेव्हापासून आमच्या घराला पक्ष नाही. आम्ही दर वेळी त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराला मत देतो. मग 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि 2024 च्या लोकसभेला आमच्या बारामती मतदारसंघात मुख्य लढत एकाच घराण्यातल्या नणंद-भावजयींमध्ये झाली. बोटाला शाई लावून घरी आलो तेव्हा मतदान केल्यासारखे वाटलेच नाही. दुसऱ्यांच्या घरच्या वाटणीपत्रावर साक्षीदार म्हणून सही करून आल्यासारखे वाटले.

आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीतच पुण्याने काढली होती, हा दाखला आपल्याकडे प्रत्येक जण देतो, म्हणून तो कृपया देऊ नये. मी काही सुधारक नाही. मी फक्त एका सभेत उभा राहिलो. "परदेशात जा" असेही सांगू नये. मुलगी तेथे आहे आणि ती तेथे रीतसर परकी आहे. मला विचारायचे आहे ते इतकेच की हा वयाचा परिणाम आहे की काळाचा, आणि आपल्यापैकी कोणाला असे वाटत असेल तर आपण त्याचे काय करता?

पर्वती पायथा

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देते. आपल्याला बासष्टाव्या वर्षी जे जाणवले ते आमच्याकडे बालवाडीत जाणवते. वर्गात आडनाव विचारले जाते, उत्तर ऐकून बाई क्षणभर थांबतात, आणि त्या एका क्षणात सहा वर्षांच्या मुलीला आपली जागा समजते.

आपण एस. एम. जोशींचे नाव घेतले म्हणून सांगते. 1929 मध्ये पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा तरुण एस. एम. त्यात होते. सत्याग्रहींवर दगड पडले, आणि ते दगड काही बाहेरगावाहून आणले नव्हते. माझे पणजोबा त्या गर्दीत होते असे घरात सांगतात. कागद कोणाकडे नाही, आमच्याकडे कागद नसतातच. पुढे दोन वर्षांनी, ऑगस्ट 1931 मध्ये, मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना पहिल्यांदा भेटले आणि मला मायभूमीच नाही असे त्यांनी तोंडावर सांगितले. ज्या माणसाने पुढे या देशाची घटना लिहिली त्याचे हे शब्द आहेत. परकेपणाची तक्रार करताना मी हे नेहमी ध्यानात ठेवते, कारण ज्याला देश आपला वाटत नव्हता त्याने देशाकडे पाठ फिरवली नाही; देश आपला व्हावा म्हणून तो कायदे लिहीत बसला.

आपल्यावर मला राग नाही, पण एक शंका आहे. वाड्यातल्या ज्या आपलेपणाची आपल्याला आठवण येते, त्या वाड्यात आमच्यापैकी कोणाला खोली मिळाली असती का? सोसायटीने जे आता सभेत बोलून दाखवले ते वाड्यात न बोलता चालत होते. तेव्हा आपण आतल्या बाजूला होता, म्हणून दार दिसले नाही.

शाखेतला जुना

मी आपल्या विरुद्ध बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. सभेत त्या मुलाने जे म्हटले ते असभ्य होते आणि मी तेथे असतो तर त्याला तसे सांगितले असते. परंतु आपल्या लेखनात एक गृहीत आहे ते मला खटकते. देश आधी सर्वांचा होता आणि अलीकडे काहींचा झाला, असा त्याचा सूर आहे.

1948 मध्ये गांधीहत्येनंतर सातारा जिल्ह्यातले आमचे घर जळाले. माझ्या आजोबांचा त्या हत्येशी सुतराम संबंध नव्हता. आडनाव पुरेसे ठरले. अंगावरच्या कपड्यांनिशी ते पुण्याला आले. 1975 मध्ये, आणीबाणीत, वडील मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्यात होते, आणि आपल्या एस. एम. यांच्या पक्षाचे कित्येक लोकही त्याच तुरुंगात होते, याचा वडिलांना शेवटपर्यंत अभिमान होता. सुटून आल्यावर मात्र जे शेजारी रस्ता ओलांडून पलीकडून जात, त्यांत स्वतःला पुरोगामी म्हणवणारे कमी नव्हते. 1984 मध्ये भाजपला देशभरात साडेसात टक्क्यांच्या आसपास मते आणि लोकसभेच्या 2 जागा मिळाल्या. आमच्या चाळीत आम्हाला "तुमचे दोघे कसे आहेत?" असे विचारले जाई. आम्हीही हसत असू. तेव्हा वृत्तपत्रे, विद्यापीठे, व्याख्यानमाला, साहित्य संमेलने येथे आमच्या माणसाला मागच्या रांगेतली खुर्ची मिळे, आणि आपल्याला त्याचे काही वाटत नसे, कारण आपण पुढच्या रांगेत होता.

म्हणून मला वाटते की आपण हरला आहात आणि त्या हरण्याला परकेपणा म्हणत आहात. आपली निवडणूक पद्धतच अशी आहे की हरणारा नाहीसा होतो. 2014 मध्ये सुमारे 31 टक्के मतांवर 282 जागा मिळाल्या, त्या आमच्या पक्षाला मिळाल्या म्हणून मी आनंदलो, पण ज्यांनी आम्हाला मत दिले नाही ते कितीतरी अधिक होते, हे गणित मलाही येते. पुण्याच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते; त्या काळात नगरसेवक तुम्हालाही नव्हता आणि मलाही नव्हता. राजकीय परकेपणाची इतकी समान वाटणी पुण्यात पूर्वी कधी झाली नसेल.

कोंढव्याच्या बाई

आपल्याला ज्या 'तिकडे' जायला सांगितले, तेथे मी राहते. पाण्याचा टँकर आठवड्यातून तीनदा येतो आणि रस्त्यावरचे खड्डे बाकीच्या पुण्यासारखेच आहेत, एवढी माहिती उपयोगी पडेल.

मी गेली बावीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, घरात बोलणे कोकणी वळणाचे. दवाखान्यात, बँकेत, रिक्षात मी मराठीत सुरुवात करते; समोरचा माणूसही मराठीत उत्तर देतो; मग तो माझे नाव विचारतो आणि नाव ऐकताच हिंदीवर येतो. मी मराठीतच बोलत राहते, तो हिंदीतच बोलत राहतो. त्याच्या मनात वाईट काही नसते, त्याला वाटते की तो माझी सोय पाहतो आहे. कधी कधी कौतुकही होते, "मॅडम, तुमचे मराठी किती शुद्ध आहे!" ज्यांच्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारून दिले आहेत त्यांच्याकडूनही हे कौतुक मी ऐकले आहे.

घर शोधताना दलाल फोनवर फार गोड बोलत असत. नाव कळल्यावर मालक अचानक परगावी गेलेले असत. अकरा घरे पाहून आम्ही कोंढव्यात आलो. मग लोक म्हणतात, "तुम्ही सगळे एकाच ठिकाणी का राहता?"

पण आता दुसरी बाजू. 1970 मध्ये हमीद दलवाई यांनी याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्याआधी, 1966 मध्ये, तोंडी तलाकाविरुद्ध सात स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. सात, हा आकडा मी मुद्दाम लिहिते. त्यांना समाजाने आपले मानले नाही आणि समाजाबाहेरच्या अनेकांनी फक्त वापरण्यापुरते आपले मानले. मी त्यांच्या बाजूने बोलले की आमच्या इमारतीतही मला कोणीतरी "तिकडे जा" असे सुचवतेच. ते 'तिकडे' म्हणजे तुमची सोसायटी. तेव्हा माझ्यासाठी दोन्ही पत्ते बंद आहेत आणि मी आपली आहे तेथेच आहे.

'शाखेतला जुना' यांना एक सांगावेसे वाटते. तुमच्या आजोबांचे घर जळाले हे वाचून वाईट वाटले, खरेच वाटले. पण हरणे आणि परके असणे यांत फरक आहे. हरलेल्याला पुढची निवडणूक असते. मला घर नाकारणाऱ्या मालकाने मी मत कोणाला दिले हे विचारले नव्हते.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाच्या भावनिक बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, मी सोसायट्यांचे लेखापरीक्षण करतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने संस्थेला कळवायचे असते; परवानगी मागायची नसते. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली होती, हा दाखला कोणीतरी देईल. पण तेथे तसा नोंदणीकृत उपविधी होता. चहा येण्याआधी हसत हसत जे ठरते त्याला उपविधी म्हणत नाहीत. सभेत आपण विरोध केला तो इतिवृत्तात नोंदवला गेला आहे का, हे आधी पाहावे.

नारायणपेठेचा माजी रहिवासी

सर्वांचे आभार. 'पर्वती पायथा' यांच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते, तरीही मी थोरल्या बहिणीला फोन करून विचारले. वाड्यात बारा बिऱ्हाडे होती. ती आडनावे तिने एका दमात म्हणून दाखवली आणि मग आम्ही दोघेही काही वेळ गप्प राहिलो. वडील सेवा दलात होते, घरात साने गुरुजींची तसबीर होती, आणि खोली रिकामी झाली की नवे बिऱ्हाड कोणाच्या तरी ओळखीनेच येत असे. ओळख कोणाची कोणाशी असते, हा विचार त्या तसबिरीखाली बसून आम्ही कधी केला नाही.

'शाखेतला जुना' यांचे म्हणणे मला अर्धे पटले. पुढच्या रांगेतली खुर्ची गेली याचे दुःख माझ्या प्रश्नात मिसळलेले आहे, हे मी मान्य करतो. उरलेले अर्धे मात्र कोंढव्याच्या बाईंनी म्हटले तसेच आहे, आणि त्या मुलाला तुम्ही सभेत टोकले असते असे लिहिले आहे ते मी लक्षात ठेवले आहे, कारण आमच्या सभेत तुमच्या मताची माणसे बरीच होती आणि त्यांपैकी कोणी बोलले नाही.

इतिवृत्त काल पाहिले. 'भाडेकरूंविषयी चर्चा होऊन सर्वानुमते निर्णय झाला' एवढेच वाक्य आहे. सचिवांना पत्र दिले की सर्वानुमते हा शब्द काढावा आणि माझा विरोध नावानिशी लिहावा. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "काका, कशाला उगाच, एका शब्दाने काय होते?" मी म्हटले की माझी पोच द्या. पोच अजून आलेली नाही. पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे, त्या मुलाच्या आईने काल लिफ्टमध्ये मला हळूच विचारले, "तुम्ही पुन्हा बोलणार आहात का?", आणि ती विनंती होती की काळजी, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.