मदत हवी आहे: मुलाला एएफएमसीला (सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजला) पाठवावं का?

नमस्कार. आम्ही तासगावजवळचे, द्राक्षबाग आहे. मुलाला यंदा नीटमध्ये बरे मार्क पडले, पण खुल्या गटातून राज्यातली सरकारी जागा काठावर आहे. ती हुकली तर खाजगी कॉलेज, आणि तिथली वर्षाची फी आमच्या बागेच्या दोन हंगामांतूनही सुटत नाही. अवकाळीनं झालेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही.

अशात पुण्याच्या एएफएमसीच्या मुलाखतीसाठीच्या निवड-यादीत त्याचं नाव आलं. घरात पेढे वाटले, आणि त्याच रात्रीपासून मला झोप नाही.

तिथे फी नाही, राहणं-जेवण, गणवेश सगळं सैन्यदलाकडून. बदल्यात एमबीबीएस झाल्यावर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून जायचं. काहींना कायम कमिशन मिळतं, म्हणजे सैन्यातली कायमची नोकरी; बाकीच्यांना सात वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची. नको म्हटलं तर बाँडची जी रक्कम भरावी लागते, ती आम्हाला जन्मात जमणार नाही. सरकारी कॉलेजचा बाँड एका वर्षाचा, हा निदान सात वर्षांचा. अठरा वर्षांच्या पोराला सही करताना याचं वजन कळतं का, हाच माझा खरा प्रश्न आहे. "आई, मला जायचंय" असं तो ठामपणे म्हणतो. पण आमच्या परिस्थितीकडे बघून म्हणतोय की मनापासून, हे आई असूनही मला ओळखता येत नाहीये. पैसे नाहीत म्हणून त्यानं वर्दी घालावी, असं मला नको आहे. मनापासून घालणार असेल तर मी स्वतः पुण्यात वानवडीला, कॉलेजपर्यंत सोडायला जाईन.

ज्यांनी स्वतः तिथे शिक्षण घेतलंय, किंवा ज्यांची मुलं तिथे आहेत, त्यांनी कृपया सांगावं. एमडी-एमएस करायचं तर सेवेतून किती वर्षांनी संधी मिळते? सुरुवातीच्या पोस्टिंगमध्ये नवा डॉक्टर एकटा पडतो का, की वर कोणी शिकवणारं असतं? सात वर्षांनी बाहेर पडलेल्यांना पुढे काय अडचणी आल्या? कायम कमिशन कोणाला, हे कशावर ठरतं?

आणखी एक, तातडीचं. त्याला चष्मा आहे, रंग मात्र नीट ओळखतो. मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी असते, तिच्यात डोळ्यांवरून कोणाला नापास केलंय का? इंग्रजी आणि तर्कशक्तीची टोएलआर चाचणीही आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी वाचतो पण बोलताना अडखळतो. मुलाखतीत याचा कितपत त्रास होतो? तयारीला फार थोडे दिवस उरलेत.

घरातले सगळे म्हणतात "फुकट मिळतंय, सोडू नका". फुकट कसलं, सात वर्षं आहेत त्याची. म्हणून जे त्यातून गेलेत त्यांचंच मला ऐकायचंय. चांगलं-वाईट दोन्ही लिहा, मी त्याला शेजारी बसवून वाचून दाखवणार आहे.