तीनदा ट्रान्सफॉर्मेशन (बॅक्टेरियात बाहेरचा डीएनए घालणं) केलं, क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकची प्लेट कोरीच. चुकतंय कुठं?

गोदाकाठ:
मुक्काम छत्रपती संभाजीनगर. विभागात आयजेमसाठी (सिंथेटिक बायोलॉजीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा) सहा जणांची टीम आहे, बीएस्सी-एमएस्सी मिळून. स्पर्धेच्या किटमधला जे०४४५० हा डीएनए (पीएसबी१सी३ या क्लोरॅम्फेनिकॉल-प्रतिकारी प्लाझमिडवरचा, म्हणजे गोल डीएनएवरचा, लाल कॉलनीवाला) डीएच५अल्फात (ई. कोलायचा लॅबमधला स्ट्रेन) घालायचाय. तीन वेळा केलं, एक कॉलनी येईना.

पद्धत अशी: रात्रभरचं १ मिलि कल्चर १०० मिलि एलबीत (पोषक द्रव), ओडी (गढूळपणाचं माप) ०.४ ला थांबवलं. पेशी १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये, बर्फावर अर्धा तास. ५० मायक्रोलिटर पेशींत १ मायक्रोलिटर डीएनए, बर्फावर ३० मिनिटं, ४२ अंशाला ४५ सेकंद, परत बर्फावर २ मिनिटं. मग ९५० मायक्रोलिटर एलबी, ३७ ला २० मिनिटं, त्यातलं १०० मायक्रोलिटर प्लेटवर. क्लोरॅम्फेनिकॉल २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि.

इन्क्युबेटर साधा आहे. सेंट्रिफ्यूज थंड होणारं नाही, उणे ८० चा फ्रीझरही नाही. किटमधला डीएनए संपत आलाय, म्हणून चौथ्यांदा हात घालायच्या आधी विचारायलोत.

पेट्रीची_बशी:
रिकव्हरीला, म्हणजे पेशी सावरायला, २० मिनिटं कुठून आली? अँपिसिलिनची सवय दिसते. अँपिसिलिन वाढत्या पेशीच्या भिंतीवर घाव घालतं, त्यामुळे रिकव्हरी कमी झाली तरी ते खपवून घेतं. क्लोरॅम्फेनिकॉल रायबोसोमच अडवतं. प्रतिकाराचं एन्झाइम पेशीत तयार व्हायच्या आधी प्लेटवर टाकलं तर ते एन्झाइम बनवायचा कारखानाच बंद. पूर्ण ६० मिनिटं द्या, ३७ ला, हलवत.

दुसरं, इन्क्युबेटर. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. मे महिन्यात दुपारी खोलीच ४० ला गेली तर आतलं तापमान ३७ वर राहणार कसं? पंख्याची आणि दिव्याची उष्णता धरून ते खोलीपेक्षाही वरच जातं. आत पाण्याच्या बाटलीत काचेचा थर्मामीटर बुडवून ठेवा आणि दुपारी ३ ला वाचा. समोरच्या आकड्यावर जाऊ नका. बीओडी इन्क्युबेटरला कॉम्प्रेसर असतो, उन्हाळ्यात प्लेटा तिथंच ठेवा. मिळतच नसेल तर संध्याकाळी ७ नंतर प्लेटिंग करून रात्रभर वाढवा. वॉटर बाथलाही हीच परीक्षा: दीड मिलिच्या ट्यूबमध्ये पाणी घालून थर्मामीटरचं टोक त्यात बुडवा. बाथ ४२ म्हणतो आणि ट्यूबमध्ये ३९ च असतं, हे फार होतं.

आणि किटला हात लावू नका. आधी या चार प्लेटा:
पेशी, बिनअँटिबायोटिकची प्लेट: गच्च भरली पाहिजे.
पेशी, क्लोरॅम्फेनिकॉल, डीएनए नाही: कोरी.
पेशी, अँपिसिलिन, डीएनए नाही: कोरी.
१ नॅनोग्रॅम पीयूसी१९ (अँपिसिलिन-प्रतिकारी प्लाझमिड), अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि: कॉलन्या आल्या पाहिजेत.

बोअर_६००_फूट:
रिकव्हरीचं पटलं, पण पेशीच धड नसतील तर तासभर देऊनही उपयोग नाही. कॅल्शियम क्लोराइडची बाटली बघा. लेबलवर डायहायड्रेट असेल तर १०० मिलिला १.४७ ग्रॅम, निर्जल असेल तर १.११ ग्रॅम. शिवाय निर्जल मीठ हवेतलं पाणी खातं. उघड्या बाटलीतले खडे ओले दिसत असतील तर त्या वजनाला अर्थ नाही, नवी बाटली फोडा.

काचसामान बोअरच्या पाण्यात धुवून तसंच वाळवता का? आपल्याकडचं पाणी इतकं जड की फ्लास्कच्या तळाला पांढरा पापुद्रा धरतो. त्यापेक्षाही वाईट म्हणजे साबण. किंचितसा राहिला तरी काम बिघडतं. शेवटचे तीन हात डिस्टिल्ड पाण्याचे हवेत. कॉम्पिटंट (डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या) पेशींसाठी दोन फ्लास्क वेगळे काढा, त्यांना साबण लावूच नका.

थंड सेंट्रिफ्यूज नाही तर रोटर आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि फेऱ्या ५-५ मिनिटांच्या करा. आरपीएम लिहू नका, 'जी' (गुरुत्वाच्या किती पट बळ) लिहा. ८ सेमी त्रिज्येच्या रोटरवर ४००० आरपीएम म्हणजे जेमतेम १४३० जी. पेलेट (तळाला बसलेला पेशींचा गोळा) सैल बसतं आणि ओतताना निम्म्या पेशी वाहून जातात. पेलेट मोडताना व्हॉर्टेक्स नको, बर्फात धरून गोल गोल हलवा.

बर्फ कारखान्यातून आणत असाल तर बारीक फोडा आणि त्यात थोडं पाणी घाला. नुसत्या खड्यांमध्ये ट्यूबच्या भोवती हवा राहते आणि चाळीस अंशांच्या खोलीत ट्यूब कोमट होते. मीठ मात्र घालू नका, कुल्फी करायची नाहीये. खारा बर्फ शून्याच्या खाली जातो आणि पेशी गोठून मरतात.

उणे ८० नसल्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. संध्याकाळी पेशी करा, कॅल्शियम क्लोराइडमध्येच ४ अंशाला ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी वापरा. १२ ते २४ तास मुरल्यावर कार्यक्षमता कित्येक पटींनी वाढते, नंतर घसरते. उणे २० मध्ये साठवून आठवडाभराने काढलेल्या पेशींवर भरवसा ठेवू नका.

गोदाकाठ:
थर्मामीटर लावला. दुपारी ३ ला इन्क्युबेटरमध्ये ४३, बाथच्या ट्यूबमध्ये ४०. बाथ वाढवून घेतला, प्लेटा बीओडीत हलवल्या, पेशी रात्रभर ठेवल्या, रिकव्हरी तासाची. बिनअँटिबायोटिकची गच्च, डीएनए नसलेल्या दोन्ही कोऱ्या. पीयूसी१९ च्या प्लेटवर ३८ कॉलन्या. आता किटचा डीएनए घालू का?

पुढचं काम फ्लोराइडचा सेन्सर आहे. किनवटकडच्या बोअरच्या पाण्यासाठी.

पेट्रीची_बशी:
आधी हिशोब. १ नॅनोग्रॅम घातलं, १००० पैकी १०० मायक्रोलिटर पसरलं, म्हणजे प्लेटवर ०.१ नॅनोग्रॅम. ३८ भागिले ०.०००१ मायक्रोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅममागे ३.८ लाख कॉलन्या. घरगुती पेशींना हे कमीच, पण चालेल.

किटच्या १ मायक्रोलिटरमध्ये पाव नॅनोग्रॅम डीएनए धरा. दहावा हिस्सा पसरला तर नऊ-दहा कॉलन्या, जरा इकडंतिकडं झालं की शून्य. म्हणून तासाभराने ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवा, वरचं ९०० काढून टाका, उरलेल्या १०० मध्ये पेशी मोकळ्या करून सगळंच पसरा. ९० च्या आसपास यायला हव्यात. लाल रंग उतरायला १८ ते २४ तास लागतात, सकाळी पांढऱ्या दिसल्या म्हणून टाकून देऊ नका. एका लाल कॉलनीचं ५ मिलि कल्चर करून मिनिप्रेप करा (पेशींतून प्लाझमिड वेगळं काढा), डीएनए मायक्रोग्रॅममध्ये मिळेल आणि किट परत कपाटात.

लायगेशन (डीएनएचे जोडलेले तुकडे) मात्र या पेशींत घालू नका. जुळवलेला डीएनए अखंड प्लाझमिडच्या मानाने फारच कमी उतरतो. त्याला मायक्रोग्रॅममागे दहा लाखांच्या पुढं कॉलन्या देणाऱ्या पेशी पाहिजेत.

विहीर_आणि_रायबोस्विच:
फ्लोराइडबद्दल. बॅसिलस सिरियसचा सीआरसीबी रायबोस्विच (फ्लोराइड चिकटलं की जनुक चालू करणारा आरएनएचा तुकडा) घेणार असाल तर एक अडचण आधीच ओळखा. ई. कोलायकडे स्वतःची सीआरसीबी वाहिनी आहे, तिच्यातून फ्लोराइड बाहेर जातं. पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५३ मायक्रोमोलर. पर्यायी स्रोत नसेल तर १.५, म्हणजे ७९. एवढ्याशा फ्लोराइडला साधा डीएच५अल्फा दाद देणार नाही. एकतर सीआरसीबी काढलेला स्ट्रेन घ्या, नाहीतर पेशीविरहित अर्क (पेशी फोडून काढलेला, प्रथिनं बनवू शकणारा रस). कागदावर सुकवलेला अर्क गावात नेता येतो, त्यात जिवंत जंतू नसतो. हाच रायबोस्विच वापरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात कोस्टारिकातल्या भूजलावर अशी चाचणी झाली आहे.

जिवंत ई. कोलाय मात्र किनवटला न्यायचा नाही, बाटली कितीही घट्ट असली तरी. आयजेमचे नियम ते चालू देत नाहीत आणि आपल्याकडे जनुकबदल केलेल्या जीवांबद्दलचे १९८९ चे नियम आहेत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज आताच टाका, बैठक लागायला वेळ लागतो. वापरलेल्या प्लेटा १२१ अंशाला, १५ पाउंडाला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच कचऱ्यात.

पाण्याचे नमुने पॉलिथिनच्या बाटलीत आणा, काचेच्या नको, फ्लोराइड काचेला लागतं. प्रत्येक नमुन्याचं आयन इलेक्ट्रोडवर एक वाचन घेऊन ठेवा, नाहीतर सेन्सरचा रंग कशाशी ताडून बघणार? आणि किनवटचं पाणी लॅबमधल्या सोडियम फ्लोराइडच्या द्रावणासारखं वागेलच असं धरू नका. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं, म्हणून प्रमाणवक्र (ठरावीक फ्लोराइडला सेन्सर किती दाद देतो त्याचे आलेख) दोन करा: एक डिस्टिल्ड पाण्यात, दुसरा कमी फ्लोराइडच्या बोअरच्या पाण्यात ठरावीक फ्लोराइड घालून.