शब्दचर्चा : गिटारच्या लाकडाचे ‘पोषण’ की ‘तेलाचा हात’?

प्रश्न

गिटारची निगा कशी राखावी याविषयी एक माहितीपत्रक मी इंग्रजी मजकुरावरून मराठीत लिहीत आहे. तारा, फ्रेटबोर्ड (तारांखालची, बोटे टेकवण्याची लाकडी फळी) आणि नेक (ती फळी ज्यावर बसवलेली असते तो लांब दांडा) या तिन्हींच्या संदर्भात ‘क्लीनिंग’ आणि ‘कंडिशनिंग’ (लाकडाच्या बाबतीत मुख्यतः तेल लावणे) हे शब्द जोडीने येतात. पहिल्यासाठी मी ‘स्वच्छता’ आणि दुसऱ्यासाठी ‘पोषण’ असे शब्द योजले आहेत. मात्र ‘लाकडाचे पोषण’ वाचताना खटकते. याला अधिक नेमका शब्द कोणता? त्याचबरोबर फ्रेटबोर्डला ‘पट्टी’, नेकला ‘मान’ आणि फ्रेटला, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, ‘पडदा’ म्हणावे का, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आपल्याला जे खटकले ते योग्यच आहे, आणि ते केवळ शैलीपुरते नाही. पोषण जिवंत वस्तूचे होते. कापून, वाळवून, तासून वाद्यात बसवलेले लाकूड काही ग्रहण करून वाढत नाही. हा शब्द वाचणारा मनुष्य साहजिकच असे समजेल की जितके तेल अधिक तितके पोषण अधिक, आणि फ्रेटबोर्डची हानी नेमकी याच समजुतीमुळे होते. जादा तेल फ्रेटच्या खाचांत आणि लाकडाच्या रंध्रांत साचून राहते, त्यावर धूळ बसते, आणि काही दिवसांत बोटांखाली मेणचट थर जाणवू लागतो.

लाकडातला ओलावा तेलातून येत नाही, हवेतून येतो. म्हणूनच गिटार साधारणपणे 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवावी असे सांगितले जाते. हवा फार कोरडी झाली की फ्रेटबोर्ड आकसतो, धातूचे फ्रेट मात्र तेवढेच राहतात, आणि त्यांची टोके कडेने बाहेर येऊन हात सरकवताना बोचू लागतात. अशा वेळी तेल लावून उपयोग नाही, हवेची आर्द्रता सांभाळावी लागते. तेलाचे काम मर्यादित आहे : ते उघड्या लाकडाच्या वरच्या थरात मुरते, ओलाव्याची ये-जा थोडी मंद करते आणि लाकडाचा रंग खुलवते.

या कामासाठी मराठीत तीन प्रयोग तयार आहेत. क्रिकेटच्या नव्या बॅटला आपण ‘तेल पाजतो’. तिथे तेल पुन्हा पुन्हा लावून आत जिरवायचे असते, म्हणून ‘पाजणे’ शोभते. गिटारसाठी ते क्रियापद प्रमाणाची चुकीची कल्पना देईल. ‘तेल मुरवणे’ अर्थाने जवळचे आहे, पण त्यात दीर्घकाळ ठेवून देण्याचा भाव आहे. ‘तेलाचा हात फिरवणे’ हा प्रयोग मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यात अल्प प्रमाण, पातळ थर आणि हलका हात या तिन्ही सूचना एकाच वेळी येतात. पत्रकात असे लिहिता येईल : ‘तारा काढून फ्रेटबोर्ड आधी किंचित ओलसर कापडाने पुसावा, फ्रेटच्या मुळाशी साचलेले कीट मऊ ब्रशने सोडवावे, लाकूड कोरडे झाल्यावर चार-पाच थेंब तेल कापडावर घेऊन त्याचा एक हात फिरवावा, आणि काही मिनिटांनी उरलेले तेल कोरड्या कापडाने टिपून घ्यावे.’ यातला ‘टिपून घ्यावे’ हा भाग कृपया गाळू नये. ‘पुसावे’ म्हटले की लोक वरवर कापड फिरवून थांबतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

‘तेलाचा हात’ स्वीकारतो. परंतु मूळ मजकुरात सर्व फ्रेटबोर्डसाठी आणि तारांसाठीही ‘कंडिशनिंग’ हाच एक शब्द आहे. मग सर्वत्र हाच प्रयोग चालेल का? आणि ‘लेमन ऑइल’चे ‘लिंबाचे तेल’ करावे का?

प्रतिसाद

सर्वत्र चालणार नाही, आणि या ठिकाणी मराठी पत्रक मूळ मजकुरापेक्षा अधिक नेमके करता येईल. शिसवी किंवा आबनुसाचा फ्रेटबोर्ड बहुधा उघड्या लाकडाचा असतो. त्यालाच तेलाचा हात द्यावा. मेपलच्या फ्रेटबोर्डवर बहुतेक वेळा लॅकरचा किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो. तिथे तेल लाकडापर्यंत पोहोचतच नाही, वरच ओशट राहते. त्यामुळे मेपलसाठी केवळ ‘पुसणे’ हेच क्रियापद ठेवावे. नेकची मागची बाजूही बहुधा अशीच आवरणाखाली असते. ती मंद, चमकहीन ठेवलेली असेल तर ‘घासून’ हा शब्द टाळावा, कारण जोराने घासल्यास तेवढाच भाग चकाकू लागतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर असल्यास स्पिरिटने पुसू नये, असेही स्पष्ट लिहावे.

‘लिंबाचे तेल’ मुळीच करू नये. फ्रेटबोर्डसाठी ‘लेमन ऑइल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत मुख्यतः खनिज तेल आणि सुगंध असतो. ‘लिंबाचे’ वाचून कोणी रस चोळला, तर त्यातील आम्ल लाकूड आणि धातू दोन्हींना अपाय करील. ते नाव जसेच्या तसे ठेवावे आणि स्वयंपाकाचे तेल वापरू नये असे सोबत सांगावे, कारण ते लाकडात राहून खवट होते. जवसाच्या तेलाचा प्रकार वेगळा आहे. ते हवेत घट्ट होऊन थर धरते, म्हणून ‘कोणतेही वनस्पती तेल’ असे सरसकट लिहू नये.

तारांच्या बाबतीत ‘कंडिशनिंग’ शब्द सोडूनच द्यावा. तिथे मळ आणि घाम पुसून काढणे एवढेच खरे काम आहे. त्यावर हवे तर संरक्षक द्रव्याचा अगदी पातळ थर देता येतो. इथे मराठीने एक सूक्ष्म भेद आधीच केलेला आहे, तो वाया जाऊ देऊ नये : पोलादाची साधी तार ‘गंजते’, तर तांब्याच्या मिश्रधातूचे वेढे असलेली तार ‘काळवंडते’. फॉस्फर ब्राँझच्या वेढ्यांत तांबे व कथील असते. ‘80/20 ब्राँझ’ म्हणून ओळखला जाणारा धातू मात्र 80 टक्के तांबे आणि 20 टक्के जस्त, म्हणजे वस्तुतः पितळ असतो. नायलॉनची तार तर गंजतच नाही, म्हणून ‘तारा गंजू नयेत म्हणून’ हे वाक्य सर्व गिटारींना लागू करता येणार नाही.

मळलेल्या तारेच्या आवाजासाठी ‘मृत आवाज’ लिहिण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘बद्द’ हा शब्द आहे. वेढ्यांच्या फटींत त्वचेचे कण आणि घाम साचतात, तारेचे वजन जागोजागी असमान होते, वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) दबतात आणि तार बद्द बोलू लागते. पुसताना कापड तारेभोवती चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे, म्हणजे तारेची खालची बाजूही, जी फ्रेटवर टेकते, स्वच्छ होते. फ्रेटवर दाबून दाबून तारेला पडलेल्या खाचा मात्र पुसण्याने भरून येत नाहीत. अशी तार ‘बदलावी’ असेच लिहावे.

आता भागांची नावे. ‘पट्टी’ला माझा विरोध आहे. संगीताच्या मराठीत पट्टी म्हणजे स्वराची उंची. ‘काळी चार पट्टी’ म्हणणारा वाचक ‘पट्टी स्वच्छ करा’ या वाक्यापाशी अडखळेल. ‘फ्रेटबोर्ड’ राहू द्यावा. नेकसाठी ‘मान’पेक्षा सतार-तंबोऱ्याची ‘दांडी’ जवळची आहे. पहिल्या उल्लेखात ‘नेक, म्हणजे दांडी’ असे लिहून पुढे दोन्ही वापरावेत. ‘पडदा’ सतारीला साजतो. तिथे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले आणि सरकवता येणारे असतात. गिटारचे फ्रेट लाकडातल्या खाचेत ठोकून पक्के केलेले असतात. म्हणून ‘फ्रेट’च बरा.

पण या शब्दात एक अडचण आहे. वाजवणारे ‘तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवा’ म्हणतात तेव्हा त्यांना धातूच्या पट्टीमागची लाकडाची जागा अभिप्रेत असते, आणि निगेच्या भाषेत ‘फ्रेट’ म्हणजे तो धातूच. तेव्हा जिथे फ्रेट घासण्यासाठी स्टील वूलचा (बारीक पोलादी तंतूंच्या बोळ्याचा) उल्लेख असेल, तिथे ‘फ्रेटचा धातू’ असे पूर्ण लिहावे, फ्रेटमधल्या लाकडावर चिकटपट्टी लावण्यास सांगावे, आणि इलेक्ट्रिक गिटार असल्यास पिकअपही (तारांचे कंपन टिपणारे चुंबकीय भाग) झाकण्यास सांगावे, कारण पोलादाचे बारीक तुकडे त्यातील चुंबकांना चिकटून बसतात. फ्रेटचा धातू बहुधा ‘निकेल सिल्व्हर’ असतो; त्याचे ‘निकेल-चांदी’ करू नये. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नसते. ‘जर्मन सिल्व्हर’ हे नाव मराठी वाचकाला भांड्यांमुळे परिचित आहे, तेच द्यावे.