२२ महिने, आठ शब्द: थांबू की तपासणी करू?

सायसाखर
मुलगा २२ महिन्यांचा. शब्द मोजून आठ: आई, बाबा, मम्मम, भू (पाणी), काऊ, टाटा, नको आणि हिंदीतलं ‘दो’ (सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात). दोन शब्द जोडत नाही. ‘चप्पल आण’ कळतं. काही हवं असलं की बोट दाखवत नाही, आपला हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेतो. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली, पास होता. मोबाइल रोज दीड तास. सासूबाई म्हणतात, याचा बापही तीन वर्षांनी बोलला. रोज वेखंड उगाळून चाटवणं चालू आहे. आधी कुणाकडे जायचं?

चिऊचंघर
मम्मम, भू, काऊ हे सगळे शब्दच, फक्त दर वेळी त्याच अर्थाने यायला हवेत. दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे, तुम्ही ते केलंच आहे. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, तेव्हा मावशींना हिंदी बंद करायला लावू नका.

दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण पन्नास शब्द आणि ‘बाबा गेला’, ‘अजून दे’ अशी जोडणी यावी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये पन्नास शब्द ३० महिन्यांच्या यादीत टाकले, ते वाचून बरेच जण निवांत होतात. पण ती यादी निदान ७५ टक्के मुलं जे गाठतात त्याची आहे. दोन शब्दांची जोडणी तिथेही २४ महिन्यांवरच आहे.

मला आठ शब्दांपेक्षा ते हात ओढत नेणं जास्त खटकतं. विमान गेलं की त्याकडे बोट करून, मग तुमच्या तोंडाकडे बघतो का? मागायला बोट करणं वेगळं, दाखवायला वेगळं. दुसरं दीड वर्षापर्यंत दिसायलाच हवं. एम-चॅट ही ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता तपासणारी २० प्रश्नांची चाचणी १६ ते ३० महिन्यांसाठी आहे. तीन किंवा जास्त गुण आले तर पुढची चौकशी, आठ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. ते निदान नव्हे, चाळणी आहे.

ध्वनिलहर
आधी कान. जन्मावेळी बहुधा ओएई (कानात बारीक आवाज सोडून कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) झाली असेल. ती आतल्या कानापर्यंतचंच सांगते, पुढच्या नसेचं नाही. शिवाय नंतर सर्दीने पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं, ते टिम्पॅनोमेट्रीत (पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत) कळतं. नसेसाठी बेरा (आवाजाला नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी). ही झोपेत करतात, म्हणून सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, दूध तिथे पोचल्यावर द्या. झोपेचं औषध लागलंच तर डॉक्टर देतील, घरून पाजून नेऊ नका.

थाळी वाजवल्यावर वळतो, यावर जाऊ नका. उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येणाऱ्याला थाळी आणि ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात, ‘स’, ‘श’ निसटतात.

आणि ‘चप्पल आण’ ही परीक्षा होत नाही. बाहेर निघताना रोज तेच ऐकतो. हात पाठीमागे, नजर त्याच्यावरच ठेवून म्हणा, ‘चप्पल पलंगावर ठेव.’

सायसाखर
आत्ता करून पाहिलं. चप्पल उचलली आणि दाराकडे गेला. दोनदा. विमानाचं म्हणाल तर बोट नाही, नुसता वर बघतो.

चिऊचंघर
म्हणजे शब्दावरून नाही, सवयीवरून ओळखतोय. मग अडीच वर्षांपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. बाप उशिरा बोलला हे थांबायचं नाही, लवकर दाखवायचं कारण आहे. या आठवड्यात कानाची वेळ घ्या, सोबतच बालरोगतज्ज्ञांना एम-चॅट भरून द्या. स्पीच थेरपी सुरू करायला निदानाची वाट बघावी लागत नाही. थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक विचारून घ्या. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चौकशी करा; ते जिल्हास्तरावरच्या डीईआयसीकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) पाठवतात, तिथे मोफत आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे.

वेखंड बंद. जास्त झालं तर उलट्या होतात, आणि अडचण जिभेत नाहीच. सासूबाईंना वाईट वाटेल, तर त्यांना दुसरं काम द्या: काऊ-चिऊच्या गोष्टी समोर बसून, तोंड दिसेल असं सांगायच्या.

ध्वनिलहर
मोबाइलही बंद. दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नको, असं भारतीय बालरोग अकादमी सांगते.

घरी ‘हे काय? म्हण, म्हण!’ थांबवा. तो फ्रिजकडे ओढत नेईल तेव्हा दार लगेच उघडू नका. खाली बसा, डोळ्यांसमोर या, ‘दूध?’ म्हणा आणि मनात दहा अंक मोजा. बघितलं, आवाज काढला, हात पुढे केला, काहीही चालेल, दूध द्या. तो ‘भू’ म्हणाला तर तुम्ही ‘थंड भू’. एकच शब्द वाढवायचा, अख्खं वाक्य नाही. रडेपर्यंत ताणू नका, नाहीतर दूध नको पण फ्रिज आवर असं होतं.