संत्र्याचा रस रात्री गोड, सकाळी कडूजहर

दांडियाबाजारची सून:
माझी शाळा सातची, आणि अण्णांना (सासरे) साडेसहाला रस हवा. म्हणून रविवारी रात्रीच सहा संत्री सोलून मिक्सरला फिरवली, पंच्यातून गाळून बाटली फ्रिजमध्ये ठेवली. तेव्हा चाखला तर छान गोड. सकाळी अण्णांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू काडेचिराईत पाजलंय! संत्री बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधल्या नेहमीच्या फळवाल्या बेनकडची. उरलेली दोन नुसती खाल्ली, साखर होती. मग चुकलं कुठे? शेजारच्या काकू म्हणतात, त्यापेक्षा दुधीचा रस दे, कडसर लागला तर जास्त गुणकारी. खरं का?

निवृत्त केमिस्ट:
बियांसकट फिरवलंत ना? संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं. मुळात ते कडू नसतं. रस काढला की आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू. म्हणून रात्री कळलं नाही. अपाय काही नाही. रात्री नुसत्या फोडी सोलून बिया काढून ठेवा, सकाळी हाताने पिळा आणि लगेच द्या.

रावपुऱ्यातली मावशी:
अगं, त्या काकूंचं मुळीच ऐकू नकोस! संत्र्याचा कडूपणा वेगळा, दुधीचा वेगळा. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, शिजवूनही जात नाही. आमच्या ह्यांनी 'एवढा काढलाय, टाकायचा कशाला' म्हणून अख्खा पेला संपवला. तासाभरात उलट्या, जुलाब, बीपी खाली. दोन रात्री सलाईनवर. त्यात मी आलं-लिंबू-पुदिना घातलेला, त्यामुळे कडूपणा निम्मा झाकला गेला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तज्ज्ञ समितीचा 2012 सालचा अहवाल आहे: आधी फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेका, दुसऱ्या रसात मिसळू नका, त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. तेव्हापासून मी देठाकडची चकती जिभेला लावल्याशिवाय दुधी किसत नाही, मुठियांसाठीसुद्धा.

फतेगंजकर:
सहा संत्र्यांचा रस एका माणसाला? त्यांना डायबिटीस नाही ना? चोथा गाळून टाकला की उरतं ते गोड पाणी.

दांडियाबाजारची सून:
आहे हो, गोळी चालू आहे. तेवढंच लिहायचं राहिलं होतं. आज अख्खं संत्रं पुढे ठेवलं. सोलून देते म्हटलं तर नको म्हणाले. पेपर वाचत एकेक दोरा काढत बसले. मी पर्स घेऊन निघाले तरी बशीत चार फोडी शिल्लक. मिक्सर धुवायचा वाचला. काकूंना मावशींचा किस्सा सांगितला, तर म्हणाल्या, 'त्यांचा दुधी सुरती असेल!'